टिंबांसाठी हस्तलिखित परत पाठवू नका : वैज्ञानिक जर्नलांच्या संपादकांना आणि प्रकाशकांना खुले पत्र

सन्माननीय संपादक आणि प्रकाशक,

स. न. वि. वि.

हस्तलिखित पोर्टलवर चढवल्यावर लेखकाला येणारी पहिली ईमेल कितीदा तरी अशी असते : 'संदर्भसूची जर्नलच्या शैलीत नाही, दुरुस्त करून पुन्हा सादर करा.' तोवर संपादकाने फाइल उघडलेली नसते. विषय जर्नलच्या कक्षेत बसतो का, प्रयोगाची मांडणी धड आहे का, यातले काही कोणी पाहिलेले नसते. वर्ष कंसात आहे की नाही आणि जर्नलचे नाव तिरप्या अक्षरांत आहे की नाही, एवढेच पाहिलेले असते. लेखक सूची बदलतो, पुन्हा सादर करतो, आणि मग 'आमच्या कक्षेबाहेरचे' म्हणून तेच हस्तलिखित नाकारले जाते. पुढच्या जर्नलची शैली वेगळी असते, म्हणून तीच सूची पुन्हा लावायला बसावे लागते.

हे पत्र लिहिणारे आम्ही हस्तलिखिते सादरीकरणासाठी तयार करतो, संदर्भ मूळ लेखांशी ताडून पाहतो, प्रुफावरच्या शंकांना उत्तरे देतो. संदर्भ हे आमचे रोजचे काम आहे आणि आम्हाला ते महत्त्वाचे वाटते. वाचकाला मूळ लेखापर्यंत पोहोचता यावे आणि श्रेय योग्य माणसाला मिळावे, यासाठी संदर्भ असतो. या दोन गोष्टींसाठी कितीही मेहनत मागा, आम्ही ती आनंदाने करू. तुम्ही मात्र मेहनत मागता ती टिंबा-स्वल्पविरामांची, आणि या दोन गोष्टी तपासायच्या राहून जातात. आमची तक्रार हीच आहे.

संदर्भाचे दोन भाग असतात. एक त्याची माहिती : लेखक, शीर्षक, जर्नल, वर्ष, खंड, पाने किंवा लेख-क्रमांक, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक). दुसरा तिची मांडणी. हे दोन्ही वेगळे ठेवायचे तंत्र नवे नाही. १९८५ मध्ये बिबटेक हे संदर्भ लावणारे सॉफ्टवेअर आले तेव्हापासून माहिती एका फाइलीत आणि शैली दुसऱ्या फाइलीत ठेवता येते. झोटेरो आणि मेंडेली ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर शैली लिहिण्याच्या ज्या सीएसएल पद्धतीवर चालतात, तिच्या खुल्या भांडारात आज दहा हजारांहून जास्त शैली आहेत. माहिती नीट भरलेली असेल तर शैली बदलायला काही सेकंद लागतात. माहिती चुकीची असेल तर कोणतीही शैली ती सुधारत नाही.

मग या शैलींमध्ये फरक तरी कशाचा असतो? एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) शैलीच्या सातव्या आवृत्तीत वीस लेखकांपर्यंत सगळी नावे द्यायची. एकवीस किंवा जास्त असतील तर पहिली एकोणीस, मग तीन टिंबे, मग शेवटचे नाव. एएमएच्या (अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या) अकराव्या आवृत्तीत सहापर्यंत सगळी, त्याहून जास्त असतील तर पहिली तीन आणि 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर'). वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नमुन्यांत पहिली सहा आणि मग 'एट अल'. 'नेचर'मध्ये पाचाहून जास्त लेखक असले तर फक्त पहिले नाव. पाने कुठे २८४-७ अशी आखडायची, तर कुठे २८४–२८७ अशी पूर्ण लिहायची, आणि मधली रेघ आखूड की लांब हेही सांभाळायचे. जर्नलचे नाव कुठे पूर्ण, कुठे आयएसओ-४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे टिंबांसह संक्षिप्त, कुठे टिंबांशिवाय संक्षिप्त. यातल्या एकाही फरकामुळे वाचकाला मूळ लेख शोधणे सोपे होत नाही. उलट नावे कापल्यामुळे चौथ्या-पाचव्या लेखकाचे श्रेय छापील सूचीतून नाहीसे होते.

हे थांबवायचा प्रयत्न तुमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी पूर्वी केला आहे. १९७८ मध्ये काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक व्हँकुव्हरला जमले ते हस्तलिखितांसाठी एकसारख्या अटी ठरवायला. १९७९ मध्ये त्या अटी प्रसिद्ध झाल्या, आणि अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने बसवलेली संदर्भांची पद्धत त्यांत होती. एका जर्नलने नाकारलेले हस्तलिखित दुसऱ्याकडे पाठवताना पुन्हा टंकावे लागू नये, हाच त्यामागचा विचार होता. आज 'आम्ही व्हँकुव्हर शैली पाळतो' असे म्हणणारी दोन जर्नले शेजारी ठेवली तर एकात क्रमांक चौकोनी कंसात असतो, दुसऱ्यात वर चढवलेला. एकात अंक-क्रमांक हवा असतो, दुसऱ्यात नको. घरगुती फेरफार करून करून ती एकसारखी पद्धत तुम्हीच मोडीत काढली आहे.

या कामाला वेळ किती लागतो, हे मोजले गेले आहे. 'प्लॉस वन'मध्ये २०१९ साली आलेल्या एका सर्वेक्षणात ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांनी उत्तरे दिली. एका हस्तलिखिताच्या फॉरमॅटिंगला मध्यक १४ तास आणि एका संशोधकाचे वर्षाला ५२ तास, असा हिशेब निघाला. आकडा संदर्भांसकट सगळ्या फॉरमॅटिंगचा आहे आणि लेखकांच्या स्वतःच्या अंदाजावर बेतलेला आहे, हे ध्यानात ठेवूनही तो लहान नाही.

एवढे करून लेखकाने लावलेल्या सूचीचे पुढे काय होते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. लेख स्वीकारला गेला की निर्मिती विभाग प्रत्येक संदर्भ फोडून त्याचे घटक एक्सएमएलमध्ये (यंत्राला वाचता येणाऱ्या, खुणा घातलेल्या मजकुरात) वेगळे करतो. लेखकाचे आडनाव एका खुणेत, वर्ष दुसऱ्या, खंड तिसऱ्या. २०१२ पासून यासाठी जॅट्स हे प्रमाणित रूप आहे. मग संदर्भ क्रॉसरेफ (डीओआयची नोंदणी करणारी संस्था) आणि पबमेड (वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची) यांच्याशी जुळवला जातो आणि त्या घटकांतून तुमची घरची शैली यंत्र पुन्हा तयार करते. लेखकाने मन लावून घातलेली टिंबे या प्रक्रियेच्या पहिल्याच पायरीवर गळून पडतात. जे काम तुम्ही स्वतः पुन्हा करणारच आहात, त्याच्यासाठी हस्तलिखित दारातूनच परत का पाठवायचे?

सर्वांत मोठे नुकसान होते ते एका वेगळ्याच अटीमुळे : 'सादर करण्यापूर्वी सर्व फील्ड कोड काढून टाका.' झोटेरो, एंडनोट किंवा मेंडेलीने वर्डमध्ये घातलेला प्रत्येक संदर्भ हा जिवंत दुवा, म्हणजेच फील्ड कोड, असतो. त्याच्या पोटात त्या लेखाची नोंद असते. कोड काढला की उरतो तो नुसता मजकूर, आणि तो दुवा परत जोडता येत नाही. मग समीक्षकांचे अभिप्राय येतात. प्रस्तावनेत एक नवा लेख घाला, असे दुसरा समीक्षक सुचवतो. क्रमांकाच्या शैलीत तो चौथा संदर्भ झाला तर चारपासून पुढचा प्रत्येक आकडा एकाने सरकतो. [१२–१५] असा गट [१३–१६] होतो, आणि मधला एखादा आकडा दुरुस्त करायचा राहिला तर तो निमूटपणे भलत्याच लेखाकडे बोट दाखवतो. ही चूक समीक्षकाला दिसत नाही, प्रूफ वाचणाऱ्यालाही दिसत नाही, कारण आकडा दिसायला बरोबरच असतो. दुव्यांसह मूळ प्रत जपून ठेवा आणि सादर करण्यापुरती वेगळी प्रत काढा, असे आम्ही प्रत्येक लेखकाला सांगतो. पण सहलेखक बहुतेकदा सादर केलेल्या प्रतीवरच बदल सुचवतात, आणि मग दोन प्रती जुळवत बसावे लागते.

तक्त्यांची अडचण तर फारशी कोणी बोलूनच दाखवत नाही. वैद्यकीय संपादकांच्या समितीचा नियम स्पष्ट आहे : फक्त तक्त्यात किंवा आकृतीच्या ओळीत आलेल्या संदर्भाला, तो तक्ता मजकुरात जिथे पहिल्यांदा उल्लेखला आहे त्या जागेनुसार क्रमांक द्यायचा. नियम बरोबर आहे. पण तुम्ही तक्ते हस्तलिखिताच्या शेवटी मागता, किंवा स्वतंत्र फाइलीत. तक्ता शेवटी असला की सॉफ्टवेअर त्यातल्या संदर्भांना शेवटचे क्रमांक देते. स्वतंत्र फाइलीत असला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणजे तुमची एक अट पाळली की दुसरी मोडते. यावर आम्ही करतो तो उपाय असा : काम चालू असेपर्यंत तक्ते पहिल्या उल्लेखाच्या परिच्छेदाखालीच ठेवायचे, अगदी शेवटच्या क्षणी क्रमांक गोठवायचे आणि मगच तक्ते हलवायचे. समीक्षेची प्रत्येक फेरी आली की हे सगळे पुन्हा पहिल्यापासून.

शैलीच्या सूचनांचा दर्जा हा वेगळा मुद्दा. लेखकांसाठीच्या पानावर एक पद्धत, जर्नलने दिलेल्या टेम्पलेटमध्ये दुसरी आणि ताज्या अंकात छापलेली तिसरी, असे सर्रास आढळते. नमुन्यादाखल दिलेले संदर्भसुद्धा धोक्याचे ठरतात. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या सूचनांत शैली दाखवण्यासाठी एक काल्पनिक लेख दिला होता, वैज्ञानिक लेख कसा लिहावा या विषयावरचा. तो लेख कधी अस्तित्वातच नव्हता, तरी शेकडो प्रकाशित लेखांच्या संदर्भसूचीत तो जाऊन बसला, आणि २०१७ मध्ये हे उघडकीस आले. टेम्पलेटमधला नमुना पुसायचा राहिला, हे त्याचे मुख्य कारण. पण इतक्या वेळा तो संपादक, समीक्षक आणि निर्मिती विभाग या सगळ्यांच्या नजरेखालून गेला. त्या सूचींमधली टिंबे मात्र नक्कीच जागच्या जागी असणार.

नावांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे श्रेयाचा प्रश्न आहे. 'वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन' हे नाव साध्या लेखकासारखे भरले की सूचीत 'ऑर्गनायझेशन डब्ल्यू. एच.' असे छापले जाते. एंडनोटमध्ये संस्थेच्या नावानंतर स्वल्पविराम द्यावा लागतो, बिबटेकमध्ये नावाभोवती महिरपी कंसांची आणखी एक जोडी घालावी लागते, झोटेरोमध्ये नावाचा रकाना एकेरी करावा लागतो. हे लेखकांनी शिकायला हवे आणि आम्ही ते शिकवतो. पण जगात अनेक लोकांना एकच नाव असते, आडनाव नसतेच. स्पॅनिश नावांत दोन आडनावे असतात. 'व्हॅन डर' किंवा 'डे' असे उपपद कुठे आडनावाचा भाग असते, कुठे नसते. एकच नाव असलेल्या लेखकाला तुमचे पोर्टल पुढे जाऊ देत नाही, म्हणून तो तेच नाव दोन्ही रकान्यांत भरतो किंवा एका रकान्यात टिंब टाकतो. ती तडजोड लेखाच्या नोंदीत जाते, तिथून इतरांच्या संदर्भसूचींत जाते, आणि एका माणसाचे काम दोन-तीन नावांखाली विखुरते. संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून आहे. तो सक्तीने मागता, मग नाव त्याच्या नोंदीत आहे तसेच का घेत नाही?

शीर्षकातली मोठी-लहान अक्षरे हाही असाच छळ. एका शैलीत प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे, दुसरीत फक्त वाक्याचे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना यंत्र जनुकांची नावे, 'डीएनए'सारखी संक्षेपे आणि प्रजातीच्या नावातले मोठे अक्षर सरसकट लहान करून टाकते. म्हणून नोंद नेहमी वाक्यासारखी भरावी आणि बिबटेकमध्ये असे शब्द महिरपी कंसात बंद करावेत. उलट दिशेचे रूपांतर बरेच सुरक्षित असते. प्रजातीचे तिरपे नाव आणि रासायनिक सूत्रातले खालचे आकडे तर नोंद आयात करतानाच हरवतात.

आणि 'संदर्भ २३ साठी पाने द्या' ही प्रुफावरची शंका! अनेक जर्नलांत आता पानेच नसतात, लेख-क्रमांक असतो. 'ऑनलाइन फर्स्ट' लेखाला खंडही नसतो. अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीत लेखकाने अस्तित्वात नसलेले आकडे शोधत बसावे, अशी अपेक्षा ठेवू नका.

आता जे तपासले जात नाही त्याबद्दल. एआयच्या भाषिक मॉडेलांनी तयार केलेले बनावट संदर्भ हस्तलिखितांत येऊ लागले आहेत. ते शैलीच्या दृष्टीने निर्दोष असतात, म्हणून तुमच्या तांत्रिक तपासणीतून बिनधोक पार होतात. काहींचा डीओआय उघडतच नाही. काहींचा उघडतो, पण भलत्याच लेखावर नेतो. त्यामुळे डीओआय उघडतो एवढे पाहून भागत नाही. त्यामागच्या नोंदीतले शीर्षक, पहिला लेखक आणि वर्ष सूचीतल्या मजकुराशी जुळते का, हे पाहावे लागते. क्रॉसरेफची नोंद खुली आहे, हे काम यंत्राने पहिल्याच दिवशी करता येते. फक्त एक जपायला हवे : जुने लेख, पुस्तके, अहवाल आणि अनेक छोटी जर्नले यांना डीओआय नसतो, तेव्हा डीओआय नाही म्हणजे संदर्भ खोटा, असे ठरवू नका. खरे डीओआयही बिघडतात. वर्ड त्यातली आखूड रेघ आपोआप लांब करते, शेवटचे पूर्णविरामाचे टिंब त्याला चिकटते, शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' येतो. नव्वदच्या दशकातल्या काही डीओआयमध्ये तर कोनी कंस आणि अर्धविराम आहेत, आणि एक्सएमएलमध्ये ते हमखास तुटतात. अशा वेळी लेखकाला चोर ठरवू नका, क्रमांकासह विचारा.

मागे घेतलेल्या लेखांचेही तेच. रिट्रॅक्शन वॉचची नोंदपेढी २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. झोटेरो तर २०१९ पासून अशा नोंदीवर लाल खूण दाखवते. लेखकाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरला जमते ते तुमच्या पोर्टलला न जमण्याचे कारण नाही. लेख मागे घेतला गेला म्हणूनच त्याची चर्चा चालली असेल, तर संदर्भ राहू द्या; मात्र तसे सूचीत स्पष्ट लिहिलेले असावे.

संदर्भसंख्येच्या मर्यादेबद्दल एवढेच, की मर्यादा घातली की सर्वांत आधी कापले जातात ते पद्धतीचे, सॉफ्टवेअरचे आणि विदासंचांचे (डेटासेटचे) संदर्भ. विदासंचांच्या उल्लेखाची तत्त्वे २०१४ पासून आणि सॉफ्टवेअरच्या उल्लेखाची २०१६ पासून प्रसिद्ध आहेत. पुरवणी फाइलीत ढकललेले संदर्भ उद्धरणांच्या नोंदपेढ्यांत सहसा मोजले जात नाहीत, म्हणजे ज्यांच्या साधनांवर काम उभे राहिले त्यांना श्रेय मिळतच नाही.

आमच्या मागण्या अशा :

पहिल्या सादरीकरणाला कोणतीही एक सुसंगत शैली चालेल, हे लिहून द्या. अट फक्त माहितीची ठेवा : सगळे लेखक, शीर्षक, जर्नल, वर्ष, खंड, पाने किंवा लेख-क्रमांक, आणि असेल तर पूर्ण दुव्यासह डीओआय. 'ईलाइफ'सारखी जर्नले पहिल्या फेरीत शैलीचा आग्रह धरत नाहीत, आणि त्यांचे काही अडत नाही.

जिवंत फील्ड कोड असलेली वर्ड फाइल स्वीकृतीपर्यंत चालवून घ्या, आणि सोबत संदर्भांच्या नोंदींची आरआयएस किंवा बिबटेक फाइल चढवायची सोय द्या. तुमच्या निर्मिती विभागाला हवी असलेली फोडलेली माहिती तीत आयतीच मिळेल.

स्वतःची वेगळी शैली ठेवू नका. आहे ती प्रमाणित शैली फेरफार न करता स्वीकारा. ते जमत नसेल तर सीएसएल आणि बिबटेकची शैली-फाइल तुम्ही स्वतः बनवा, तपासा आणि तारखेसह प्रसिद्ध करा. सूचना बदलतील त्याच दिवशी फाइलही बदला, आणि टेम्पलेटमध्ये नमुना म्हणून खरेच लेख द्या.

संदर्भांची खरी तपासणी सादरीकरणाच्या वेळी करा : डीओआय जुळतो का, लेख मागे घेतलेला आहे का. अहवाल संदर्भाच्या क्रमांकासह लेखकाला द्या, पण त्यासाठी हस्तलिखित परत पाठवू नका; समीक्षा चालू असताना दुरुस्ती होऊ शकते.

विदा, सॉफ्टवेअर आणि पद्धतीचे संदर्भ मर्यादेतून वगळा, आणि पुरवणीतले संदर्भही क्रॉसरेफकडे जमा करा. २०२२ पासून तिथले संदर्भ सर्वांना खुले आहेत, म्हणून ते जमा करण्याचा उपयोग आता थेट होतो.

पोर्टलवर एकेरी नाव स्वीकारा.

लेखकांकडून काय अपेक्षा ठेवायची तेही सांगतो, आणि ती तुम्ही आमच्याकडून जरूर ठेवा. दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उचलू नये. मूळ लेख उघडून, वाचून मगच नोंद घ्यावी. नोंद जर्नलच्या पानावरून किंवा डीओआयवरून आयात करावी. गूगल स्कॉलरच्या बिबटेक नोंदीत डीओआय नसतो आणि लांब लेखकयादी 'अँड अदर्स' म्हणून कापलेली असते. आयात झालेली प्रत्येक नोंद मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडावी. प्रीप्रिंट (समीक्षेआधी खुला केलेला मसुदा) पुढे जर्नलमध्ये आले असेल तर अंतिम लेखाचा संदर्भ द्यावा, आणि प्रीप्रिंटच द्यायचे असेल तर आवृत्तीही लिहावी. यात कसूर झाली तर हस्तलिखित जरूर अडवा.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या का नाहीत, याचे उत्तर तुम्ही लेखकांसाठीच्या सूचनांच्या पानावर तारखेसह द्यावे, ही विनंती. खासगी पत्राने उत्तर नको. पुढचे हस्तलिखित पाठवणाऱ्या प्रत्येकाला ते दिसायला हवे.

कळावे.

आपले,
हस्तलिखिते आणि संदर्भसूची तयार करणारे काही जण